बिनदोऱ्याची कार्डं

मी नोकरीत नेमकं काय करत होते, ते माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की ती सांगायची, "आमची कुमुद गिरणीत पुठ्ठ्याला भोकं पाडते." मी चिडायचे. गणितात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेल्या मुलीचं हे वर्णन! पण आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर वाटतं, आईचं काही फारसं चुकत नव्हतं.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी प्रोग्रॅमर होते. मुंबईत कुणीतरी वापरून टाकलेला एक संगणक आमच्या मालकांनी हौसेनं आणला होता. आजच्या मुलांना 'संगणक' म्हटलं की मांडीवर मावणारी वस्तू दिसते. आमचा एका खोलीत मावत नव्हता, मधली भिंत पाडावी लागली. त्याच्याशी बोलायचं ते कार्डांनी. पोस्टकार्डापेक्षा थोडं लांब, जाड कागदाचं कार्ड, त्यावर ऐंशी रकाने. प्रत्येक रकान्यात ठरावीक ठिकाणी भोक पाडलं की एक अक्षर होतं. प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक कार्ड. हजेरीचा प्रोग्रॅम म्हणजे खोकंभर कार्डं, तीही बरोबर ओळीनं. एक इकडचं तिकडं झालं की कामगारांची नावं एका खात्यात आणि हजेरी दुसऱ्याच खात्यात.

सगळ्या गिरणीत थंड हवेचं यंत्र फक्त आमच्या खोलीला होतं, तेही माणसांसाठी नव्हे, संगणकासाठी. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागायची. चप्पल बाहेर काढायची, मशीनला नमस्कार करायचा आणि मग दहा मिनिटं गार हवेत उभं राहायचं. स्टोअरमधले एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले होते. म्हणाले, "बाई, तेवढा मंगळ बघा की यात." खंडेनवमीला आमचे कुलकर्णीसाहेब स्वतः मशीनची पूजा करायचे. एकदा झेंडूची पाकळी कार्ड वाचायच्या यंत्रात गेली आणि दोन दिवस गिरणीची हजेरी बंद पडली. साहेबांनी मुंबईला कारण कळवलं, 'बाह्य वस्तूचा शिरकाव'.

माझा एक खासगी नेम होता. दर पाडव्याला मी दहा कोरी कार्डं घ्यायचे आणि येत्या वर्षात काय काय करायचं ते एकेका कार्डावर पंच करायचे. मशीनला रोमन अक्षरंच ठाऊक, म्हणून मराठी रोमनमधून. वडिलांना बुद्धिबळात हरवणे. कानडी पाट्या वाचता येणे. बुद्धिबळाचा घोडा एकही घर पुन्हा न घेता चौसष्ट घरं फिरेल असा प्रोग्रॅम लिहिणे. पोहायला शिकणे. असली दहा कार्डं रबरात बांधून टेबलाच्या खणात. घोड्याचं जमलं. कानडी निम्मं जमलं, म्हणजे अक्कलकोटच्या एस.टी.वरची पाटी वाचता यायची, मग ती एस.टी. निघून जायची. वडिलांना मी एकदा हरवलं, पण त्या दिवशी त्यांना ताप होता.

पोहण्याचं कार्ड मात्र दर वर्षी नव्यानं पंच व्हायचं. आमचं आजोळ करकंबचं. सुट्टीत माझे तिघे भाऊ मळ्यातल्या विहिरीत उड्या मारायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. मुलींनी विहिरीत उतरायचं नसतं, एवढंच कारण. तो राग माझ्या पोटात पुष्कळ वर्षं होता, आणि अजूनही आठवलं की भाऊबीजेला ओवाळताना एखाद्याच्या कपाळाला कुंकू जरा जोरातच लागतं.

नरसय्यामामा आमच्या खोलीत पहिल्यांदा आले तेही सगळ्यांसारखेच, चप्पल बाहेर काढून. पण ते हवा खायला आले नव्हते. ते गिरणीच्या चादर खात्यात जेकार्डचे पट्टे मारायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चादरीवर फूल उठवायचं तर मागाला आडव्या दर धाग्यामागे सांगावं लागतं की उभ्या धाग्यांपैकी कुठले उचल आणि कुठले खाली ठेव. हे सांगतो पुठ्ठ्याचा पट्टा. भोक असेल तिथला धागा वर. आडव्या दर धाग्याला एक पट्टा, असे शेकडो पट्टे दोऱ्यानं एकमेकांना शिवून त्यांची माळ मागावर चढवतात. आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढायचं, मग चौकटी मोजत मोजत पट्ट्यांना भोकं पाडायची. मामा हे तीस वर्षं करत होते. घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी.

"हितं बी पट्टे मारतात म्हनं," ते म्हणाले.

मी ऐटीत एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपुढे नेलं नाही. अंगठा फिरवला, भोकांवरून बोट नेलं, उलटं केलं, पुन्हा बोट नेलं. मग विचारलं, "दोरा कुटं हाय?"

"दोरा नसतो, मामा."

"दोरा न्हाय? मंग पडली तर?"

मी म्हणाले, "पडत नाहीत." आणि त्याच आठवड्यात, गॅलरीतून येताना, सुताच्या साठ्याची दीड हजार कार्डं माझ्या हातून जिन्यावर पडली. ओळीनं लावायला दोन दिवस लागले. मामांना हे कुणीतरी सांगितलं. ते दारात येऊन उभे राहिले, खिशातून पट्टे शिवायच्या दोऱ्याची गुंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि हसत निघून गेले. मला इतका राग आला म्हणून सांगू! त्यानंतर मात्र मी प्रोग्रॅमच्या दर कार्डाच्या शेवटच्या रकान्यांत अनुक्रमांक पंच करायला लागले.

अशी आमची ओळख झाली. मग एका शनिवारी ते आले, बाकावर बसले आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांची नजर जात चालली होती. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, पण दोष मागच्या पडद्याचा होता. मोठं दिसायचं, बारीक दिसायचं नाही. खात्यात अजून कुणाला कळलं नव्हतं, कारण पट्टे ते बोटांनीच मारायचे. चौकटीचा कागद मात्र बोटांना वाचता येत नाही.

"मला तीन पोरी, अम्मा," ते म्हणाले. आमच्या गिरणीत तेलुगू माणसं लहान पोरीलाही अम्मा म्हणत. "आमच्या घरची रीत हाय. पोरगी सासरी जाताना बापानं तिच्यासाठी चादर करायची. चित्र बापाचं. जगात तसली दुसरी न्हाय. इनून झाली की पट्ट्याचा दोरा कापायचा, पट्टे चुलीत घालायचे, आन कापलेला दोरा चादरीला बांधून द्यायचा. म्हंजी सासरच्यांना कळतं, हिच्यासारखी हीच."

थोरल्या दोघींच्या चादरी झाल्या होत्या. धाकट्या राजम्माचं लग्न ठरलं होतं, भिवंडीला, दिवाळीनंतर. आणि मामांना चौकटी दिसत नव्हत्या.

"दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या की," मी म्हटलं.

"मंग ती त्याच्या पोरीची चादर हुईल," ते म्हणाले. "तुझं मशीन मोटं काडतंय का चित्र? लई मोटं?"

मी एका क्षणात हो म्हटलं. दया वगैरे काही नव्हती, खोटं कशाला बोला? मला हजेरीचा आणि सुताचा कंटाळा आला होता आणि स्वतःचं म्हणावं असं काहीतरी करायचं होतं. शनिवारी दुपारी मशीन दोन तास रिकामं असे. कुलकर्णीसाहेबांकडे परवानगी मागितली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कसली चाचणी?"

"कोंबडीची, साहेब."

कारण राजम्माची चादर कोंबडीचीच व्हायची होती. लहानपणी ही मुलगी काखेत कोंबडी घेऊनच फिरायची, शाळेतही घेऊन गेली होती. साहेबांनी पुष्कळ वेळ विचार केला आणि नोंदवहीत लिहिलं, 'पक्षी चाचणी'.

रविवारी दुपारी राजम्मा मैत्रिणीकडे विड्या वळायला गेली की मी साखरपेठेत मामांच्या घरी जायचे. चादर होईपर्यंत पोरीनं चित्र बघायचं नाही, हीही रीतच. ते अंगणात खडूनं हातभर मोठी कोंबडी काढायचे, मी ती चौकटीच्या कागदावर उतरवायचे आणि मग त्यांना वाचून दाखवायचे. "तीन उचल, दोन सोड, सात उचल." ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच हात वर करायचे. "थांब. सात न्हाय, सा. सातानं तिचं पोट सुटंल."

पहिला छापील कागद मी मोठ्या दिमाखात घेऊन गेले. एका चौकटीला प्रिंटरचं एक अक्षर, दोन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या. मामांनी कागद भिंतीला लावायला सांगितला, लांब जाऊन उभे राहिले आणि हसायलाच लागले. "अगं, ही कोंबडी न्हाय, बगळा हाय!"

खरंच होता. प्रिंटरचं अक्षर रुंदीला कमी, उंचीला जास्त, हे मला रोज दिसत होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. विणकराला हे पहिल्याच दिवशी शिकवतात, आडवा धागा आणि उभा धागा सारखा धरायचा नाही म्हणून. मी पदवीधर! पुढच्या शनिवारी एका चौकटीला आडवी तीन अक्षरं आणि उभ्या दोन ओळी घेतल्या, तेव्हा कोंबडी पुन्हा कोंबडी झाली.

मग मी एक शहाणपणा केला. समोरासमोर दोन कोंबड्या आणि मध्ये पिल्लं, म्हणजे उजवं अंग डाव्याचंच प्रतिबिंब. तेव्हा फक्त अर्धंच चित्र पंच करायचं, उरलेलं मशीन करील. निम्मी मेहनत वाचली. मामांना सांगितलं तर ते म्हणाले,

"एक पिल्लू उलट्या तोंडाचं पायजे."

"का पण?"

"ती राजम्मा हाय. दोगी थोरल्या आईकडं बघतात. ही दाराकडं बघती."

त्या एका पिल्लापायी सगळं चित्र पुन्हा पंच केलं. दोनशे बहात्तर पट्टे, दर पट्ट्याला दोनशे चाळीस चौकटी, म्हणजे माझी तीन कार्डं. आठशे सोळा कार्डं. पण मनातून मला ते पिल्लू फार आवडलं.

शेवटच्या छपाईच्या सहा लांब पट्ट्या झाल्या. त्या चिकटवून अंगणात पसरल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला तांबे-पातेली ठेवली. सहा फूट रुंद, त्याहून लांब. कुलकर्णीसाहेबही आले होते, सहज इकडून चाललो होतो म्हणाले. त्यांचं घर दुसऱ्या टोकाला होतं. मामांनी पाय धुतले, पुसले आणि कागदावर उतरले. वाकून, पावला-पावलानं, आपल्याच चित्रावर ते चालत होते. कोंबडीचा तुरा, पंख, पिल्लं. उलट्या तोंडाच्या पिल्लापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "दिसतंय. सगळं दिसतंय मला." साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

त्या मोठ्या कागदावरून मामांनी पट्टे मारले, खात्यातल्या त्यांच्या मित्रानं चादर विणली. तांबडी आणि पांढरी. राजम्मानं ती उघडली तेव्हा आधी हसली, मग पिल्लू दिसलं तशी "नाना" म्हणत बापाच्या गळ्यात पडली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मामा आमच्या खोलीत आले. घरचे पट्टे चुलीत गेले होते. "तुज्याकडची पन दे, अम्मा," ते म्हणाले. "त्यातनं बी परत हुईल की ती."

मी आठशे सोळा कार्डं त्यांच्या पिशवीत घातली. मोजून, अनुक्रमानं. आणि खणात ठेवलेली दुसरी आठशे सोळा कार्डं ठेवून घेतली.

प्रोग्रॅमर माणूस नक्कल काढल्याशिवाय राहत नाही, ती आमच्या धंद्याची सवयच आहे. पण ते माझं कारण नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं काहीतरी केलं होतं. ते दुसऱ्याच्या चुलीत जाऊ द्यायला मन तयार होईना. मामांचं चित्र, राजम्माची चादर, हे सगळं मला कळत होतं. तरी मी ठेवून घेतली आणि तोंडानं म्हणाले, "घ्या मामा, एवढीच."

ते जाताना म्हणाले, "एक कार्ड दे की आठवन म्हनून. कसलं बी." मी फोनवर होते, खण उघडाच होता. "घ्या ना," म्हटलं. त्यांनी खणात हात घातला, जरासं चाचपलं, एक कार्ड काढलं आणि खिशात ठेवलं.

पुढच्या पाडव्याला मी माझी दहा कार्डं काढली तर नऊच होती. मोजण्यात चूक झाली असेल, असं म्हणून सोडून दिलं.

दोन वर्षं गेली. मामा निवृत्त झाले. मी मधूनमधून जायचे, पण पूर्वीसारखी नाही. खरं म्हणजे तो खण मला तिथं जाऊ देत नव्हता. मग माझं लग्न ठरलं, पुण्याला. नोकरी सोडायच्या आधी कार्डांचा तो गठ्ठा मी घरी आणून कपाटात साड्यांच्या मागे दडवला. लग्नाआधी चार दिवस मामा आमच्या घरी आले, शेजाऱ्याचा हात धरून. काखेत जुनेराचं गाठोडं.

आत चादर होती. निळी, आणि तिच्यावर पांढरे छोटे छोटे उभे ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ, ओळीत. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ते माझं कार्ड होतं. चादरीएवढं मोठं झालेलं.

"ह्याला कागद लागला न्हाय," मामा म्हणाले. "बोटानं कळतंय की. तुजे रकाने ऐंशी. दर रकान्याला तीन धागे धरले की दोनशे चाळीस. बरोबर बसतंय बग." आणि चादरीला कापलेल्या दोऱ्याचा तुकडा बांधला होता.

तो दोरा बघितला. आत गेले, साड्यांच्या मागून गठ्ठा काढला आणि आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "मामा, मी खोटं बोलले."

त्यांनी गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आटशे सोळा," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं..."

"त्या दिवशीच हाताला लागला व्हता, खनात. एवढा जाड गट्टा, मला कळत न्हाय व्हय?" ते रागावलेले नव्हते, हेच अवघड होतं. "म्हनलं, सांगंल कवातरी. थांबलो."

"दोन वर्षं?"

"मंग? तू बी पोरगीच की."

मी किती रडले ते सांगत नाही. आई आतून पळत आली, तिला वाटलं लग्न मोडलं. गठ्ठा चुलीत घालायला मी उठले तर मामांनी हात धरला. "जाळू नगं. राजम्माला दे. तिची चादर हाय, तिनं ठरवावं." आजही ती कार्डं भिवंडीला राजम्माच्या ट्रंकेत आहेत. दोऱ्यात ओवलेली.

मग जायला उठताना त्यांनी विचारलं, "पर ह्या चादरीवर लिवलंय काय? कुटलं कार्ड व्हतं, मला कुटं ठावं."

मी चादर खिडकीशी नेली आणि ठिपके वाचायला लागले. तिसऱ्या अक्षरालाच लक्षात आलं. क्षणभर वाटलं, 'तुमचं नाव लिहिलंय, मामा,' असं सांगावं. किती बरं वाटलं असतं त्यांना. पण नुकतंच एक खोटं मांडीवर काढून ठेवलं होतं.

"पोहायला शिकणे," मी म्हणाले.

मामा असे हसले, असे हसले की त्यांना ठसका लागला. "आन शिकलीस?"

"नाही."

"मंग शिक की! बापानं इनून दिलंय आता."

मी हो म्हटलं. मग संसार, पुण्यातली नवी नोकरी, मुलगा, सासूबाईंचं दुखणं. दर पाडव्याला दहा गोष्टी लिहायची सवय कधी सुटली ते कळलं नाही. कार्डं गेली, फिती आल्या, पडदे आले, मोठमोठे प्रोग्रॅम लिहिले, बढत्या मिळाल्या. चादर मात्र रोज अंगावर असायची. बाकी कुणाला ती ठिपक्यांची चादर, मला रोज रात्री तेच वाक्य.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी महापालिकेच्या तलावात उतरले. शिकवणारी मुलगी माझ्या मुलाच्या वयाची होती. पहिले दोन महिने मी नुसतं पाणी प्यायले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी, मध्ये कुठेही न थांबता, ह्या काठापासून त्या काठापर्यंत गेले. केस पुसायच्या आत राजम्माला भिवंडीला फोन लावला. मामांना जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती.

"राजम्मा, मी पोहायला शिकले."

 ती म्हणाली, "नाना शेवटपर्यंत इचारायचे. पुन्याची शिकली का गं, म्हनून. आदी का न्हाय सांगितलं?"

"आधी येत नव्हतं गं," मी म्हणाले.